गुरुवारचा चोर

मंजिरीचा चोर दर गुरुवारी यायचा. सकाळी अकराच्या सुमाराला यायचा, सात-आठ मिनिटं थांबायचा आणि निघून जायचा. ऑफिसात सगळे त्याला 'मंजिरीचा चोर' म्हणायला लागले होते. असा शिस्तीचा, शांत, शुद्ध मराठीत लिहिणारा चोर आपल्या वाट्याला का आला नाही, म्हणून दोघातिघांच्या पोटात दुखतही होतं.

ऑफिस कराडला होतं. कंपनी फार मोठी नव्हती, पण तिच्याकडे काम मोठं होतं. 'मातृसेतू' नावाच्या आरोग्यसेवेच्या संकेतस्थळाची राखण ती करायची. गरोदर बाईच्या पोटावर तळहाताएवढी पट्टी चिकटवायची. ती पट्टी बाईचा रक्तदाब आणि बाळाचे ठोके टिपत राहायची. गावची आशाताई जवळ आली की पट्टीतला आठवडाभराचा हिशेब तिच्या फोनमध्ये उतरायचा आणि फोनमधून थेट डॉक्टरांपुढे जायचा. काही बिनसलं तर डॉक्टर उत्तर लिहायचे, गाडी पाठवायचे. पाच वर्षांत या पट्टीने किती जीव वाचवले, याच्या जाहिराती एसटी स्टँडवरसुद्धा लागल्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या.

आता इतक्या बायकांची माहिती एका जागी म्हटल्यावर चोर येणारच. तिथे मंजिरी सुतारचं काम सुरू व्हायचं. आपण नक्की काय करतो, हे ती तिच्या आईला वॉचमनचं उदाहरण देऊन सांगायची. वेब फायरवॉल म्हणजे संकेतस्थळाच्या दारातला वॉचमन. येणारी प्रत्येक विनंती तो उघडून वाचतो. जुन्या वॉचमनकडे एक वही असायची : अमुक प्रकारची अक्षरं दिसली, कोणी माहितीच्या कोठारालाच हुकूम सोडू पाहतोय असं वाटलं, कोणी मिनिटाला हजार वेळा दार वाजवायला लागला, की हाकला. मग वॉचमन स्वतः शिकू लागला. रोजची माणसं कशी येतात, किती वाजता येतात, काय मागतात, हे बघून त्यात न बसणाऱ्याला तो हुडकू लागला.

पण हाकलण्यात एक खोट होती. हाकललेल्या चोराला भिंत कुठे आहे ते कळतं, आणि तो दुसऱ्या बाजूने येतो. म्हणून नवीन फायरवॉल निघाला, त्याचं नाव 'प्रतिबिंब'. हा कोणाला अडवतच नाही. संशयिताला तो आदबीने आत घेतो, फक्त वेगळ्याच इमारतीत नेऊन बसवतो. तिथे तेच पडदे, तीच बटणं, तसेच डॉक्टर. सगळं यंत्राने त्या क्षणी रचलेलं. चोराने यादी मागितली की त्याला बनावट यादी मिळते, प्रश्न विचारला की गोड उत्तर मिळतं. चोर बिचारा आठवडेच्या आठवडे पोकळीत हात मारत बसतो. आणि खऱ्या इमारतीत त्याच्या येण्याची साधी नोंदसुद्धा होत नाही.

'प्रतिबिंब' आल्यापासून ऑफिसातली अर्धी माणसं कमी झाली होती. उरलेल्यांपैकी ज्यांच्याकडे वेब संरक्षणाचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र असेल तेवढेच राहणार, असं हळबे सरांनी जूनमध्येच सांगून टाकलं होतं. परीक्षा दोन भागांत होती. दुसरा भाग लेखी. पहिल्या भागाला 'जिवंत प्रकरण' म्हणत : प्रतिबिंबात अडकलेला एक हल्लेखोर निवडायचा, एकवीस दिवस त्याच्यावर नजर ठेवायची आणि त्याच्या चालीचा अहवाल लिहायचा. नियम कडक होते. एकवीस दिवस त्याला प्रतिबिंबातून बाहेर काढायचं नाही. आणि प्रतिबिंबाच्या बाहेरून त्याच्याशी कसलाही संपर्क करायचा नाही, नाहीतर चोर सावध होतो आणि प्रकरण बाद होतं. मंजिरी गेल्या वर्षी लेखी परीक्षेत दोन मार्कांनी गेली होती. या वेळी तिला नापास होणं परवडणार नव्हतं.

म्हणून पहिल्या गुरुवारी प्रतिबिंबाने हा चोर पकडून तिच्यापुढे ठेवला, तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं.

"हा बघ," तिने शेजारच्या टेबलावरच्या फैयाज मुल्लाला बोलावलं. फैयाज तिचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले, दोघं एकाच डब्यातून जेवणारे, आणि जेवताना तो तिला परीक्षेचे प्रश्न विचारायचा. त्याची परीक्षा पुढच्या तुकडीत होती. "शिरळखोऱ्यातल्या एका आशाताईचं खातं. पण एका फोनवरून अकरा बायकांच्या पट्ट्या. सगळ्या एकदम, सात मिनिटांत. आठवड्यातून एकदाच."

"रेंज नसेल तिकडं. कोयनेच्या वरचा भाग आहे तो."

"ते असेल. पण पुढचं बघ ना. अकरातल्या नऊ बायका तिथल्या नाहीतच. एक पुण्याची, एक चिपळूणची, दोघी इचलकरंजीच्या, नव्या मुंबईच्या तिघी... नोंदणी तिकडची आणि पट्टी बोलतेय शिरळखोऱ्यातून. सातवं प्रकरण, फैयाज!"

अभ्यासाच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण दोघांनाही पाठ होतं. ओळख एका जागची आणि अचानक दूरच्या दुसऱ्या जागेवरून बोलू लागली, तर ती चोरलेली समजावी. एकाच जागी अशा अनेक ओळखी सापडल्या, तर त्यांचा गठ्ठाच चोरीला गेला असं समजावं. पुस्तक कुठल्या देशात लिहिलं होतं कोणास ठाऊक, पण त्यातली आकृती फार सुबक होती.

सोमवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, फैयाज सहज म्हणाला, "एकदा त्या ताईंना फोन करून बघूया का गं? एक मिनिटाचं काम."

"आणि प्रकरण बाद होऊ दे? खातं चोराच्या हातात आहे, म्हणजे फोनही असेल."

"तेही खरंच म्हणा," असं म्हणून फैयाज आपल्या कामाला लागला. तो भांडणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या गुरुवारी चोराने पट्ट्यांचा हिशेब पाठवला आणि खाली लिहिलं, "लोहाच्या गोळ्या संपल्या आहेत. कृपया पाठवणे ही विनंती." प्रतिबिंबातल्या बनावट डॉक्टरीणबाईंनी उत्तर दिलं, "पाठवत आहोत." मंजिरीने अहवालात लिहिलं : हल्लेखोराची भाषा सरकारी वळणाची, नम्र, विश्वास संपादन करणारी. तिला त्याचं खरंच कौतुक वाटलं होतं. इतके बारकावे! एका बाईच्या नावापुढे त्याने लिहिलं होतं, "हिला पालेभाजी आवडत नाही, समजावले आहे."

चोराला बोलतं ठेवण्यासाठी डॉक्टरीणबाईंचा स्वभाव कमीजास्त करता यायचा. मंजिरीने माया वाढवली. वाक्यंही ती स्वतः निवडू लागली. यंत्र तीन उत्तरं सुचवायचं, त्यातलं एक ती पाठवायची. त्याच गुरुवारी डॉक्टरीणबाई आपणहून म्हणाल्या, "तुम्ही फार छान काम करता." पलीकडून आलं, "आभारी आहे मॅडम. असे प्रथमच कोणी म्हटले."

मंजिरी हसली आणि तिने ते वाक्यही अहवालात घातलं.

तिसऱ्या गुरुवारी फैयाज रजेवर होता. चोर अकराऐवजी सव्वानऊलाच आला. अकरा पट्ट्या नाहीत, एकाच बाईची पट्टी, आणि एकच मजकूर.

"पेशंट सोनाली झोरे, आठवा महिना. डोके फार दुखते. डोळ्यांपुढे काजवे दिसतात. पायाला व तोंडाला सूज. काल दोन उलट्या. बीपी १६८/११२. गाडी पाठवावी ही विनंती. तातडीचे आहे."

मंजिरी खुर्चीत सावरून बसली. अकरावं प्रकरण! घाई उभी करणं, जीव धोक्यात असल्याचं भासवणं, दार उघडायला भाग पाडणं. चोराला गाडी सोडण्याच्या यंत्रणेपर्यंत पोचायचं होतं तर! आकडे खरे वाटतील असे बनवले होते. यंत्राने तीन उत्तरं पुढे केली. पहिलं, आणखी माहिती द्या. दुसरं, गाडी सध्या उपलब्ध नाही. तिसरं, गाडी निघाली आहे.

पहिल्या दोन्हींनी चोर कंटाळून गेला असता. मंजिरीने तिसरं घेतलं आणि त्यात स्वतःची थोडी भर घातली. "काळजी करू नका. गाडी निघाली आहे. पेशंटला रस्त्यावर आणून ठेवा. चालवू नका, धक्का लागू देऊ नका."

"आभारी आहे मॅडम," पलीकडून आलं. "लगेच आणतो."

यापुढे चोर काय मागतो याची ती संध्याकाळपर्यंत वाट बघत होती. काहीच आलं नाही. चौथ्या गुरुवारीही कोणी आलं नाही. एकवीस दिवस भरले. 'हल्लेखोराने माघार घेतली,' असं लिहून मंजिरीने अहवाल बंद केला. जिवंत प्रकरणाला शंभरापैकी चौऱ्याण्णव मार्क पडले. हळबे सरांनी सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर थाप मारली. लेखी परीक्षा पुढच्या बुधवारी होती. ती झाली की प्रकरण कायमचं बंद होणार आणि नियमाप्रमाणे त्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या जाणार होत्या.

शुक्रवारी मातृसेतूकडून एक चौकशीचं पत्र आलं. असली पत्रं मंजिरीकडेच यायची. शिरळखोऱ्याच्या आशा शेवंता कोकरे यांनी तीन आठवडे एकही नोंद पाठवलेली नाही. आपण पाठवल्या असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्या फायरवॉलने त्यांची एखादी विनंती अडवली आहे काय?

मंजिरीने नाव ओळखलं. हिच्याच खात्यावर आपला चोर वावरत होता. म्हणजे खरी बाई तीन आठवडे कामाला फिरकलीच नव्हती तर, आणि आता अंगाशी आल्यावर यंत्रावर ढकलतेय. तिने अडवलेल्या विनंत्यांची यादी काढली. त्यात शेवंता कोकरे हे नाव शून्य वेळा होतं. प्रतिबिंबात वळवलेली विनंती 'अडवलेली' धरली जात नाही. लेखी परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो आणि गेल्या वर्षी नेमका तोच तिचा चुकला होता. प्रतिबिंबातल्या नोंदी बाहेर कोणाला सांगायच्या नाहीत, हाही नियमच. तिने लिहिलं, 'एकही विनंती अडवलेली नाही. यंत्रणेत दोष नाही.' खाली सही केली.

सोमवारी फैयाज हजर झाला. मिरजेला बायकोला पोचवून, सासुरवाडीचा पाहुणचार झोडून आला होता. डबा उघडता उघडता सांगू लागला, "रुख्साना खुश आहे एकदम. सासूबाई तिला हलू देत नाहीत. आणि तिथल्या आशाताई इतक्या हुशार! आल्या आल्या पट्टी स्वतःच्या फोनला जोडून घेतली. नोंदणी आपली कराडची, पण माहिती आता मिरजेतून जाते."

"बाळंतपण तिकडंच करणार?"

"पहिलं आहे ना. पहिलं माहेरीच की. तुमच्यात पण तसंच असतं ना?"

मंजिरीच्या हातातला घास तसाच राहिला.

ती उठली. फैयाज विचारत राहिला, काय झालं, काय झालं. तिने त्या नऊ जणींची पानं एकेक उघडली. पुण्याची : पहिलं बाळंतपण, सातवा महिना. चिपळूणची : पहिलं, आठवा. इचलकरंजीच्या दोघी : पहिलं, पहिलं. नव्या मुंबईच्या तिघी, त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी. नऊच्या नऊ पहिलटकरणी. आणि उरलेल्या दोघी, ज्यांची नोंदणी शिरळखोऱ्यातलीच होती, त्यांची दुसरी खेप. त्या खोऱ्यातल्या सुना.

यात न समजण्यासारखं काय होतं? मंजिरीची स्वतःची बहीण दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. मंजिरीनेच तिला स्टँडवरून घरी आणलं होतं. प्रतिबिंब ज्या माहितीवर शिकलं ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यांची होती, एवढं यंत्राच्या बाजूने म्हणता येईल. मंजिरीच्या बाजूने काय म्हणणार? तिला सातवं प्रकरण पाठ होतं, एवढंच.

फैयाज तिच्या मागे उभा राहून सगळं वाचत होता. तिसऱ्या गुरुवारचा मजकूर त्याने दोनदा वाचला.

"हे उत्तर कोणी निवडलं?"

"मी."

"फोन करूया म्हणून मी कितव्या दिवशी म्हणालो होतो?"

"पाचव्या."

मंजिरीने शेवंता कोकरेचा नंबर लावला, बंद होता. मग तालुक्याच्या मातृसेतू केंद्राला लावला. पलीकडचा माणूस कामात होता, पण बोलका निघाला.

"त्या बाईला काढलं आम्ही. फोन तर पेशंट गेली त्याच आठवड्यात जमा करून घेतला. अहो, तीन आठवडे एक नोंद नाही, आणि वर म्हणते डॉक्टरीणबाई बोलत होत्या माझ्याशी! गाडी निघाली म्हणून गावाला सांगितलं तिनं. आमच्याकडं त्या दिवशी गाडीची मागणीच नाही. झटके आले पेशंटला, रस्त्यावरच. पोर तेवढं वाचलं. सासरच्यांनी नेलं. तुमचंच तर पत्र आलंय ना, दोष नाही म्हणून? त्यावरच तर काढली तिला. गावातले लोक दारात उभी करत नाहीत आता."

मंजिरीने फोन ठेवला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

हळबे सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. दोन मुली होत्या त्यांना, आणि ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. तरी शेवटी ते म्हणाले, "बुधवारी नोंदी पुसल्या जातील. त्याआधी त्या बाहेर नेल्यास, तर तुला जन्मात ही परीक्षा देता येणार नाही. नोकरी तर जाईलच. मातृसेतू आपल्यावर खटला भरेल. आणि मंजिरी, ती मुलगी त्यानं परत येणार आहे का?"

"सोनाली नाही येणार, सर. पण शेवंताताई खोटं बोलल्या नव्हत्या, याचा पुरावा तेवढाच आहे. जगात दुसरा नाही."

"तू हे मला सांगितलंच नाहीस असं मी समजतो," सर म्हणाले आणि त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

मंगळवारी तिने तीन गुरुवारांचा सगळा मजकूर कागदावर छापून घेतला. एक प्रत मातृसेतूच्या चौकशी समितीला आपल्या सहीनिशी धाडली. 'यंत्रणेत दोष नाही, हे माझे उत्तर चूक होते. दोष यंत्रणेत होता आणि माझ्यात होता,' असं वर लिहिलं. दुसरी प्रत पिशवीत घातली. फैयाजला म्हणाली, "उद्या येतोस का बरोबर? मला एकटीनं जायचा धीर होत नाही."

"मी मिरजेला निघालोय," तो म्हणाला. त्याने टेबलावरच्या वस्तू गोळा केल्या होत्या. "रोज संध्याकाळी रुख्साना मला डॉक्टरांची उत्तरं वाचून दाखवते. सगळं ठीक आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, अशी. ती उत्तरं खऱ्या डॉक्टरांची आहेत की आपल्या यंत्राची, ते कसं ओळखायचं, सांग. मला माहीत नाही. तुला माहिती आहे?"

मंजिरीला माहीत नव्हतं. ओळखता येऊ नये म्हणूनच तर ते बनवलं होतं. चौऱ्याण्णव मार्क मिळवणाऱ्यालाही आतून ते ओळखता येत नव्हतं.

"मी आता तिथंच राहणार," फैयाज म्हणाला. "जवळच्या दवाखान्यात हाताला धरून नेणार आणि डॉक्टरांचं तोंड बघणार." जाताना त्याने नेहमीसारखं 'येतो' म्हटलं नाही. सहा वर्षांची दोस्ती अशी, आवाज न होता, संपली.

बुधवारी दहा वाजता परीक्षेची लेखी उत्तरं लिहायला बसायच्या ऐवजी मंजिरी पाटणच्या पुढे माणसं कोंबून नेणाऱ्या एका वडाप जीपमध्ये बसली होती. जीप थांबली तिथून वस्तीपर्यंत कच्चा रस्ता, दीड तास चढण. शेवंता कोकरेचं घर वस्तीच्या टोकाला होतं. शेवंता पस्तिशीची, वाळकी, नीटनेटकी बाई. ओट्यावर नाचणी पाखडत होती. शहरातली बाई आपल्याकडे आलेली बघून तिने सवयीने पदर सावरला आणि मग, आता आपण कोणीच नाही हे आठवून, सूप खाली ठेवलं.

"कुठल्या तुमी? सेतूच्या?"

"सेतूचं दार सांभाळते त्या कंपनीतली," मंजिरी म्हणाली आणि तिने कागद पुढे केले.

शेवंताने ते उभ्यानेच वाचले. आपले शब्द ओळखीचे दिसताच तिने कागद उजेडात धरला. "ह्यो बघा म्या पाठिवलेला! तारीख बघा! गाडी बघा, गाडी निघाली म्हनून लिवलंय का न्हाय?" ती मोठ्याने ओरडली. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावली. "ठकूमावशीला बलवा! म्या खोटं बोलले न्हाय! बलवा तिला!"

ठकूबाई येडगे, सोनालीची आई, आली ती हळूहळू, एका म्हाताऱ्याचा हात धरून. पंधरा दिवसांत तिने शेवंताच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता. ती खाली बसली. शेवंताने तिला सगळं वाचून दाखवलं, पालेभाजीच्या ओळीसकट. मग एकदम थांबून मंजिरीकडे वळली.

"पन मंग त्या डाक्टरीणबाई? त्यांनी गाडी का न्हाई पाठिवली? लई मायेनं बोलायच्या हो. त्यांचं नाव काय?"

मंजिरीने सांगितलं. सांगायला वेळ लागला, कारण साध्या शब्दांत ते आणखी वाईट ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई नव्हत्याच. यंत्र होतं. तुमच्या फोनवरून बाहेरगावी दिलेल्या लेकींच्या पट्ट्या बोलताना बघून त्याला तुम्ही चोर वाटलात. चोराला जसं भुलवायचं तसं त्याने तुम्हाला भुलवलं. आणि कुठलं उत्तर द्यायचं ते मी निवडत होते.

शेवंताच्या डोक्यावरचा आळ गेला होता, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसत नव्हतं. "म्हंजी तीन बेस्तरवार म्या रेंजसाठी खिंडीत बसून... कुनाशी बोलत हुते?" एवढंच ती म्हणाली. तुम्ही फार छान काम करता, हे वाक्य तिने कागदावर बोटाने दाबून धरलं होतं.

"गाडी निघालीया, ह्ये तू लिवलंस?" ठकूबाईने विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसती विचारणा होती.

"हो. मीच लिहिलं." मंजिरीला आता रडू येत होतं. "मला माफ करा असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, चोर आहे."

ठकूबाईने मान हलवली, जणू तेवढं तिला समजलं होतं. मग ती मंजिरीकडे न बघता, समोरच्या डोंगराच्या वाटेकडे बघत बोलू लागली.

"गाडी न्हाय म्हनली असतीस तरी चाललं असतं, बाई. आमास्नी गाडीची सवय न्हाय. आमी डोलीतनं न्हेतो. काठीला झोळी बांधायची, चार गडी खांद्याव घेत्यात, तीन तासांत दवाखाना. माझी जाऊ तशीच न्हेली, माझी सासू तशीच न्हेली, समद्या जगल्या. त्या दिशी बी गडी हुबं हुते. झोळी बांधून झाली हुती, पोरगी बसली बी हुती तिच्यात. तवर शेवंती धावत आली, गाडी निघालीया म्हनून. तवा मीच म्हनलं, सोडा ती झोळी. पोरीला धक्कं कशाला."